इटली ते पैठण, व्हाया एरंडोल

मे महिन्यात जळगावात 18 अंश सेल्सिअस शोधत हिंडणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते मी अनुभवाने सांगू शकतो. एटीएमचा रखवालदार पहिल्यांदा सलाम ठोकतो, पुढच्या खेपेला घड्याळाकडे बघतो आणि त्यानंतर दार अडवून विचारतो, "काका, कार्ड अडकलं का?" सराफाच्या दुकानात गारवा फर्स्टक्लास असतो, पण तिथे नुसत्या गारव्यासाठी उभं राहता येत नाही. समोर मखमलीचा ट्रे येतो, पाणी येतं, चहा येतो, आणि आपण पिशवीतून थर्मामीटर काढला की मालक जातीने येतात. थर्मामीटर फिजिक्सच्या एका निवृत्त सहकाऱ्याकडून मागून आणलेला. मी इतिहासाचा. आमच्या विषयाला तापमान नसतं.

हा सगळा खटाटोप एका बाटलीसाठी होता. माझा भाचा इटलीत तुरिनला मोटारींच्या कंपनीत आहे. सुटीला येताना त्याने आईसाठी पर्स, वडिलांसाठी पट्टा आणि माझ्यासाठी सिसिली बेटावरची लाल वाईन आणली.

"मामा, ही साधी नाही," तो म्हणाला. "मातीच्या रांजणात मुरवलीय."

"कसलं लोणचं आणलंय रे?" आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. आई माळकरी आहे. कान मात्र अजून तरुण आहेत.

"कैरीचं, आजी," भाचा म्हणाला. इटलीत राहून तो बराच तयार झाला आहे. त्यानंतर आई रोज विचारायची, "लोणचं कधी काढायचं?" आणि मी रोज सांगायचो, "मुरतंय."

बाटलीबरोबर सूचना होत्या. आडवी ठेवायची. हलवायची नाही. उजेड नको. आणि प्यायच्या वेळी ती 16 ते 18 अंशांवर हवी.

"फ्रीजमध्ये ठेवतो."

"फ्रीज चार अंशांचा असतो, मामा. त्यात वास मरतो."

"मग बाहेर ठेवतो."

"बाहेर शिजेल. पुस्तकात लिहिलंय, लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी."

"कुणाच्या खोलीच्या?"

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. आमच्या खोलीचं तापमान त्या क्षणी 38 होतं, आणि ते कूलर लावल्यावरचं. आमच्याकडे लोक "आज जरा बरं आहे" म्हणतात तेव्हा बाहेर 42 असतं.

बाटली फोडण्याआधी रंगीत तालीम व्हावी असा भाच्याचा आग्रह पडला. लोक आयुष्यभर चुकीचं पितात, असं त्याचं मत होतं. एका संध्याकाळी गच्चीवर मी, समोरचे सराफ आणि बँकेतून निवृत्त झालेले शेजारी असे आम्ही स्टीलचे पेले घेऊन बसलो. पेल्यात कोकम सरबत. भाच्याने शिकवलं: पेला दांड्याला धरायचा (स्टीलच्या पेल्याला दांडा नसतो, पण आहे असं समजायचं), गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, छोटा घोट घ्यायचा, तो जिभेवर ठेवून तोंडाने हवा आत ओढायची. शेवटच्या पायरीला शेजाऱ्यांना जो ठसका लागला तो ऐकून त्यांची सून धावत वर आली.

"आता सांगा, काय जाणवतं?"

"जिरं," मी म्हणालो.

"आणखी?"

"मीठ."

"कोकम," सराफ म्हणाले.

"काका, जिनसाचं नाव घ्यायचं नाही. त्याने कशाची आठवण होते ते सांगायचं."

सराफांनी डोळे मिटले, पेला पुन्हा फिरवला, पुन्हा हुंगला. "मागच्या वर्षीच्या कोकमाची," ते म्हणाले.

मग भाच्याने फोनवरून आमच्या बाटलीचं वर्णन वाचून दाखवलं. सुकलेली चेरी, चामडं, तंबाखूचं पान, पावसाने भिजलेली माती. माझी बायको धुळ्याची. पापडाचं ताट घेऊन ती तिथेच उभी होती. "चामडं आणि तंबाखू?" ती म्हणाली. "हा वास आमच्या गल्लीतल्या टांगेवाल्याला यायचा. आम्ही नाकाला पदर लावून जायचो."

भाचा मात्र मातीवरून उतरायला तयार नव्हता. वाईन मुरवायला ओकच्या लाकडाची पिंपं वापरतात, पण लाकूड आपला व्हॅनिलासारखा वास वाईनवर लादतं. स्टीलच्या टाकीत काही लादलं जात नाही, पण हवाही लागत नाही. भाजलेली माती मधली. तिला बारीक छिद्रं असतात, त्यांतून अगदी थोडी हवा आत जाते, वाईनचा तुरटपणा मऊ होतो आणि द्राक्षाची चव तशीच राहते. झिरपू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी आतून मधमाशांच्या मेणाचा हात देतात. इटलीत ओस्लाव्हियाचे योस्को ग्राव्हनर हे या प्रकारातलं बडं प्रस्थ. त्यांच्याकडे स्टीलच्या टाक्या होत्या, भारी पिंपं होती. 2000 साली ते जॉर्जियाला जाऊन आले आणि तिथले जमिनीत गळ्यापर्यंत पुरायचे रांजण घरी आणून त्यांनी 2001 पासून त्यात वाईन करायला घेतली. सिसिलीत व्हित्तोरिया गावी तीन मित्रांनी 1980 साली काढलेल्या 'कॉस' या वायनरीनेही साधारण त्याच सुमारास स्पेनहून रांजण आणून पुरले. नेरो दाव्होला आणि फ्राप्पातो या दोन काळ्या द्राक्षांची लाल वाईन त्यांत तयार होते. उत्तरेला त्रेंतिनोत एलिझाबेत्ता फोरादोरी यांनी तेरोल्देगो नावाचं तिकडचं द्राक्ष असंच रांजणात घातलं. जॉर्जियात हा उद्योग नवा नाही. तिथल्या मातीच्या भांड्यांत सापडलेले वाईनचे अंश 8000 वर्षांपूर्वीचे निघाले, असं 2017 साली संशोधकांनी दाखवून दिलं, आणि त्याआधी 2013 मध्ये तिथल्या रांजणपद्धतीला युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं होतं.

बायको चिडली की अहिराणीत जाते. "आमना मडकामा पानी शिळं व्हस," ती म्हणाली, "नि त्यास्ना मडकामा दारू पिकस, व्हय?"

तिच्या चिडण्याला कारण होतं. लग्नात आलेला माठ भाच्याच्याच सांगण्यावरून काढून तिथे पाण्याचं फिल्टर बसवलं होतं. माझ्या आजोळचा रांजण तर हायवेवरच्या एका हॉटेलाच्या दारात उभा आहे. पोटात प्लॅस्टिकची सूर्यफुलं.

सिसिलीत हवा थंड असणार, म्हणून त्यांना हे जमतं, असा मुद्दा मी काढून बघितला. भाच्याने तोही खोडला. 11 ऑगस्ट 2021 रोजी सिसिलीत सिराक्यूजजवळ 48.8 अंश तापमान नोंदलं गेलं आणि युरोपातला उच्चांक म्हणून जागतिक हवामान संघटनेने त्यावर शिक्काही मारला. म्हणूनच रांजण जमिनीत पुरायचे. वर काहीही पेटो, खाली तापमान हलत नाही.

48.8 ऐकून गच्चीवर शांतता पसरली. जळगावकराचं कुणाशी वैर नसतं, फक्त उन्हाच्या बाबतीत कुणी पुढे गेलेलं त्याला खपत नाही.

"एखाद दिवस झालं असेल," सराफ म्हणाले. "सातत्य नाही."

"आणि भरताचं वांगं आहे का त्यांच्याकडे?" शेजाऱ्यांनी विचारलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून ते कुठल्याही चर्चेत शेवटी वांगं काढतात. व्हित्तोरियाच्या लाल वाईनला इटलीतलं सर्वांत वरचं मानांकन 2005 साली मिळालं आणि अख्ख्या सिसिलीत तेवढ्या वरचं मानांकन दुसऱ्या कुठल्याच वाईनला नाही, असं भाच्याने सांगितलं. "अकरा वर्षं आधी," शेजारी पुटपुटले आणि लवकर घरी गेले.

18 अंश शेवटी सापडले ते केळ्यांत. रावेरकडे माझ्या एका मित्राचं केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर आहे. बाहेर माणसं झाडाखाली जीभ काढून पडलेली असतात आणि आत केळी 16-18 अंशांत, हलक्या अंधारात, कुणी न हलवता, आरामात पिकत असतात. वाईनला जे जे हवं ते सगळं जळगाव जिल्ह्यात केळ्याला मिळतं. मित्राने बाटली बारदानात गुंडाळली आणि क्रेटच्या मागे आडवी ठेवली.

"ठेवतो," तो म्हणाला, "पण आधीच सांगतो, इथे आलेला माल चार-पाच दिवसांत पिवळा पडतो."

बाटली परत आली ती लालच होती. वास मात्र बदलला होता. बारदानाला, लेबलाला, बुचाला पिकल्या केळ्याचा घमघमाट. भाचा एव्हाना तुरिनला परतला होता. मी व्हिडिओ कॉलवर बाटली नाकाशी धरून म्हणालो, "केळ्याचा वास येतोय रे."

तो खुर्चीतून उठला. "मामा! बूच न काढता? फ्रान्समधल्या बोजोलेच्या ताज्या वाईनला केळ्याचा वास येतो. जाणकारांना तो ओळखायला वर्षं लागतात. तुमचं नाक तयार झालं!"

मी नम्रपणे मान हलवली. बारदान कॅमेऱ्यात आलं नव्हतं.

आता प्रश्न परवान्याचा. मी निवृत्त असलो तरी शिक्षक आहे आणि 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. त्याप्रमाणे विकत घ्यायलाच नव्हे, तर प्यायलाही परवाना लागतो. पाच रुपयांत एका दिवसाचा, शंभरात वर्षाचा, हजारात आजन्म. शेकडो लोक रोज पितात आणि परवाना काढणारा माणूस बघायला दुकानातला पोऱ्या आतून मालकाला बोलावून आणतो. मी हजार रुपये काढले होते. बायकोने हात धरला. "आधी एकदा पिऊन बघा, मग आयुष्याचं ठरवा." मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तारखेचा पाच रुपयांचा काढला. या परवान्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यामागचा विचार. सरकारच्या लेखी माणूस मजेसाठी पीत नाही, प्रकृती सांभाळण्यासाठी पितो. कागदावर माझं नाव, वय आणि प्रकृतीचं हे कारण. हरवू नये म्हणून मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोऱ्याने बाटलीच्या गळ्यातच बांधला.

प्यायचं ठिकाण धुळं ठरलं, कारण जळगावात आई होती आणि धुळ्यात मेहुणा. मेहुण्याने गच्चीवर 'टेस्टिंग' ठेवलं होतं. धुळेकरांना जळगावचं काही आलं की चार लोक बोलावून त्याची परीक्षा घ्यायची भारी हौस, त्यात हे तर इटलीचं. राहता राहिला 90 किलोमीटरचा रस्ता आणि 44 अंश. यावर तोडगा मी स्वतः काढला. नवा माठ आणला, टिचकी मारून पारखला, पाण्याने भरला, त्यात बाटली गळ्यापर्यंत सोडली आणि तोंडाला ओलं लाल फडकं बांधलं. खान्देशची हवा कोरडी ठणठणीत, माठ असा पाझरतो की पाणी गारेगार. मांडीवर माठ घेऊन मी बसमध्ये खिडकीशी बसलो.

"काका, याचं हाफ लागेल," कंडक्टर म्हणाला. तो गंमत करत होता. बहुधा.

पाळधीपर्यंत सगळं सुरळीत होतं. एरंडोलला एक आजी चढल्या, शेजारी बसल्या, माठाला हात लावला आणि म्हणाल्या, "भाऊ, थोडं पानी दे ना पेवाले." नाही म्हणायचं कसं? फडकं जरा सारलं तर त्यांना बुचापर्यंतचा गळा आणि त्याला बांधलेला कागद दिसला.

"काशीनी गंगा शे का?"

मी मान अशी हलवली की तिचा कुठलाही अर्थ व्हावा. आजींनी पाणी प्यायचं राहू दिलं. दोन्ही हात माठाला लावून डोळ्यांना लावले. मागच्या बाकावरची बाई उठून आली. तिच्या मागून आणखी दोघी. पारोळा येईपर्यंत फडक्यावर मोगऱ्याची दोन फुलं आणि एक रुपयाचं नाणं जमलं होतं आणि ड्रायव्हर गतिरोधकावर गाडी हळू घेऊ लागला होता.

पलीकडे कानात बोंडं घातलेला एक तरुण होता. तो नमस्काराला उठला नाही, म्हणजे विचारी असावा, असं समजून मी त्याला खरी गोष्ट सांगायला घेतली. म्हटलं, बाळा, इटलीची वाईन या मुलखातून पहिल्यांदा जात नाहीये. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक लिहून ठेवलंय. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, त्याची ती टाचणवही. त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाईन आहे. पसंतीत इटलीची पहिली, मग लाओदिकियाची, मग अरबस्तानातली. राजासाठी वेगळी यादी: चांदीची भांडी, गाणारी पोरं, देखण्या मुली आणि उंची वाईन. ही सगळी वाईन मातीच्या उंच कुंभांतून यायची. एकेका कुंभात साधारण 26 लिटर, आतून राळेचा लेप. आणि भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, असंही त्यात आहे. आता नकाशावर पट्टी ठेव आणि भडोच ते पैठण रेघ मार. ती कुठून जाते?

तरुण खिडकीबाहेर बघत होता.

खान्देशातूनच ना! म्हणजे सातवाहनांच्या पैठणचे शेठजी जी इटालियन पीत असतील, तिचे कुंभ तापी उतरून, गिरणा ओलांडून, आपल्याच बैलगाड्यांतून गेले असणार. पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या अत्तरवाल्याच्या घराण्याने दिलेल्या दानाचा लेख आहे, म्हणजे घाटातून येणंजाणं पक्कं. आणि पेरिप्लसवाला काय म्हणतो माहितीये? पैठणचा माल भडोचला येतो तो गाड्यांवरून, रस्ता नसलेल्या लांबलचक मुलखातून. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी माणसाने आपल्या भागाची दखल घेतली, ती रस्ता नाही म्हणून!

एवढं बोलून मला गहिवरून आलं. नेवाशाला पुरातत्त्ववाल्या सांकलियांच्या उत्खननात रोमन कुंभांची खापरं निघाली. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीत तिकडच्याच समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती निघाली. म्हणजे इतरांनी माल घेतला. आपल्या वाट्याला काय, तर बैलांचं शेण. आजही तेच. केळी दिल्लीला जातात. गोरे पाहुणे जळगाव स्टेशनात उतरतात आणि पाणी प्यायच्या आत विचारतात, "अजिंठा?" लेणी शेजारच्या जिल्ह्यात. इथून सगळं जातं, थांबत काही नाही. पण आज पहिल्यांदा इटलीचा माल खान्देशात मुक्कामी येतोय, आणि तो माझ्या मांडीवर आहे.

तरुणाने एका कानातलं बोंड काढलं. "काका, धुळं किती वाजता येईल?"

धुळ्याला सासुरवाडीच्या दारात सासूबाई उभ्याच होत्या. आखाजीचा दिवस. खान्देशात आखाजीला दिवाळीएवढा मान. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि पितरांच्या नावाने पाण्याची नवी घागर पुजतात. त्यांनी काय बघितलं, तर जावई येतोय, डोक्याला उपरणं, हातात नवा कोरा भरलेला माठ, त्यावर लाल फडकं, मोगऱ्याची फुलं, नाणं.

"जवाईबापू घागर लई उनात!" त्यांनी घरात हाक दिली आणि त्यांचे डोळे भरून आले. पंचवीस वर्षांत माझ्याबद्दल त्यांचे डोळे आनंदाने भरल्याचं माझ्या तरी आठवणीत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत माठ माझ्या हातून गेला. त्याला कुंकवाची बोटं ओढली गेली, तोंडावर डांगर बसलं, शेजारी दोन आंबे, आणि तो पाटावर आजेसासऱ्यांच्या फोटोपुढे स्थापन झाला.

आजेसासरे कोण, ते सांगायला हवं. दारूच्या गुत्त्यापुढे निदर्शनं केली म्हणून त्यांना धुळ्याच्या तुरुंगात टाकलं होतं. 1932 साली त्याच तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. आजेसासरे ती ऐकत मांडी घालून बसलेले. बाहेर आल्यावर त्यांनी चहासुद्धा सोडला. अशा पुरुषाच्या फोटोपुढे आता सिसिलीची लाल वाईन, 16 ते 18 अंशांवर, नैवेद्याला होती. मी फोटोकडे बघितलं. फोटो माझ्याकडे बघत होताच.

तेवढ्यात मेहुण्याने जिन्यातून खूण केली. वर गच्चीत त्याने केटररकडून दांड्याचे ग्लास भाड्याने आणले होते. वाईनबरोबर चीज लागतं असं कुणी सांगितल्याने चीजच्या वड्या मांडल्या होत्या आणि चीजचा भरवसा नसल्याने शेजारी शेवभाजीचं पातेलं. पाहुणे जमले होते. एका निवृत्त तलाठ्याने तर रुमाल मांडीवर पसरून घेतला होता.

"माल कुठाय?" मेहुण्याने विचारलं.

"पूर्वजांकडे."

त्याला सगळं सांगितल्यावर तो धडधड खाली गेला आणि तितक्याच वेगाने वर आला. "आई समोर बसलीय. नैवेद्य दाखवून झाल्याशिवाय हात लावू नको म्हणते."

"मग होऊ दे. पितर काही बूच काढणार नाहीत."

"जेवण झालं की काढू," तलाठी म्हणाले. त्यांना सरकारी कामाचा अनुभव होता. कशाला किती वेळ द्यायचा, ते कळत होतं.

आणि जेवण आखाजीचं, खापरावरच्या मांड्यांचं. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं. सासूबाई हातावर फिरवत फिरवत पुरणाचा मांडा उपरण्याएवढा करतात आणि एका झटक्यात त्या तापलेल्या खापरावर टाकतात. मांडा फुगतो, त्यावर तांबूस डाग उठतात, मग तो चौघडी करून ताटात. वर तूप. वाटीत आमरस. बाजूला रशी, भजी, कुरडई. असं जेवण झाल्यावर 44 अंशांत माणसाला कोणत्याही वाईनची गरज उरत नाही. "पाचच मिनिटं टेकतो," असं प्रत्येकजण म्हणाला. गच्चीवरची अख्खी टेस्टिंग कमिटी खालच्या हॉलमध्ये सतरंजीवर ओळीने घोरू लागली. तलाठ्यांनी मांडीवरचा रुमाल तोंडावर ओढला होता.

जाग आली तेव्हा साडेचार झाले होते. पाट होता. त्यावर आंबे होते. घागर नव्हती.

"ती घागर?" सासूबाई शांतपणे सुपारी कातरत म्हणाल्या. "ती तं गुरुजीस्ले दिधी ना. दान करनं पडस."

"गुरुजी कुठे राहतात?" मेहुणा पायात चप्पल घालत होता.

"आते कोठे सापडतीन? त्यास्नी लेक पैठणले दिधेल शे. दुपारनी गाडीनं गयात." उन्हाचा प्रवास, म्हणून माठातलं गार पाणी वाटेत प्यायला होईल, असं म्हणत ते माठ तसाच घेऊन गेले होते. फडकं सासूबाईंनीच घट्ट बांधून दिलं होतं.

मेहुण्याने मोटारसायकल काढली. चाळीसगावला, नाहीतर कन्नडच्या घाटात तरी गाठू, असं त्याचं म्हणणं. मी भिंतीला टेकून खाली बसलो. भडोचहून वीस दिवस. गुरुजी दिवेलागणीला पोचणार होते. तलाठ्यांनी चीजच्या वड्या शेवभाजीत चुरून खाऊन टाकल्या आणि इटालियन चवीबद्दल समाधान व्यक्त करून ते गेले.

रात्री साडेनऊला सासूबाईंचा फोन वाजला. त्यांना स्पीकर बंद करता येत नाही, म्हणून सगळ्या घराला ऐकू आलं.

"यजमानीण बाई, घागरीत तुमच्या जावयांचं औषध आलं हो चुकून. बाटलीला सरकारी कागद बांधलाय, त्यावर त्यांचं नाव आहे, प्रकृतीसाठी म्हणून लिहिलंय. मी परतच करणार होतो. पण लेकीच्या सासऱ्यांना दोन वर्षं झोप नाही. त्यांनी बूच आत ढकलून दोन चमचे घेऊन बघितले."

कुणी काही बोललं नाही. मेहुण्याने डोळे मिटून घेतले.

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"गुण आहे हो औषधाला. आता ते मातीचे वास सांगतायत, केळ्याचा म्हणतायत, आणि बाटली सोडत नाहीत. तेवढं जावयांना विचारून सांगा, हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर, आणि ही संपल्यावर दुसरी कुठे मिळते?"